गोड आवाजाचा संशय

टू-स्ट्रोक इंजिन मरण्याआधी खुशीत येतं. धूर कमी होतो, आवाज खणखणीत लागतो, पिकअप असा की चालवणाऱ्याला वाटावं, गाडी आजच खरी हाताला बसली. आणि भर वेगात मागची चाकं एकाएकी जाम होतात. इंजिन सीझ झालेलं असतं.

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्या आहेत. थंडीच्या दिवसांत चारचाकी क्वाड बाइकवाले तिथे तळ ठोकतात, आणि त्यांच्यात यामाहाच्या बॅन्शीचा मान अजून आहे. 347 सीसी, दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन. 1987 ते 2006 या मॉडेलवर्षांत ती अमेरिकेत विकली गेली. आपल्याकडची राजदूत 350 यामाहाच्या याच आरडी घराण्यातली. जिने गल्ली जागी केली, तिचा आवाज कानात असलेल्या माणसाला त्या वाळूतही फार परकं वाटणार नाही.

खुशीचं कारण सरळ आहे. बॅन्शीच्या पिस्टनला आणि क्रँकला वेगळं ऑइल मिळत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळून टाकीत ओतायचं. भूक आणि तहान एकाच घोटात भागवायची. रबरी मॅनिफोल्डला चीर पडली किंवा क्रँकचं ऑइल सील कडक झालं, की जादा हवा शिरते. त्या हवेला पेट्रोल कमी पडू लागलं की आधी इंजिन मोकळं पळतं, मग तापतं. तापतं त्याच वेळी वंगणही आटलेलं असतं. कडाक्याच्या पहाटे तर काही बिघडावंही लागत नाही. हवा दाट झालेली असते, आणि कालच्या उबदार दुपारी बरोबर वाटलेला कार्बोरेटरचा जेट आज लहान पडतो.

उलट, खोकणाऱ्या इंजिनाची एवढी धास्ती नसते. बॅन्शीच्या कार्बोरेटरवर सुरक्षेसाठी स्विच बसवलेले असतात. थ्रॉटलची केबल नीट ताणलेली नसली की ते स्पार्क तोडतात आणि गाडी मिसिंग मारते. आरडाओरडा मोठा, दुखणं किरकोळ.

म्हणून जाणता मिस्त्री गाडी ऐन रंगात असताना स्पार्क प्लग बघतो. फुल थ्रॉटलवर क्लच दाबायचा, त्याच क्षणी इंजिनचा स्विच बंद करायचा. स्लोवर फटफटत तळावर आलात तर वाटेतली काजळी आधीची साक्ष पुसून टाकते. गरम प्लग फडक्यात धरून उन्हाकडे फिरवायचा. आतली चिनीमाती तपकिरी असली तर ठीक, काळी ओली असली तर पेट्रोल किंवा ऑइल जादा, पांढरीफटक असली तर धोका. आणि पांढऱ्यावर चकाकते बारीक कण दिसले, तर पिस्टनचं ॲल्युमिनियम उडू लागलं आहे.

मला खरी मजा वाटते ती दोन सिलिंडरांची. टाकी एक, कार्बोरेटर दोन, प्लग दोन. एक तपकिरी आणि दुसरा पांढरा निघाला, की पेट्रोल, ऑइलचं प्रमाण, पहाटेची थंडी हे सगळे निर्दोष सुटतात. चोर एकाच बाजूला आहे. डावा प्लग पांढरा आणि थ्रॉटल सोडल्यावरही रेस रेंगाळते, तर मॅग्नेटकडच्या सीलवर संशय. उजवा ओला, मागे दाट पांढरा धूर, गिअरबॉक्सचं ऑइल घटतंय पण खाली थेंब नाही, तर क्लचकडचं सील ते ऑइल आत ओढतंय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जेट, सील, प्लग सगळं एकदम बदलणाऱ्याची गाडी सुधारते, पण नेमकं काय बिघडलं होतं ते त्याला कधीच कळत नाही.

मजेत चाललेली गाडी थांबवून प्लग काढणाऱ्याला सोबती हसतात. हसू द्यावं. इंजिन सीझ झाल्यावर सिलिंडर काढला, की पिस्टनवरचे उभे ओरखडे कुणालाही दिसतात. त्याला निदान म्हणत नाहीत, तो पंचनामा. निदान त्याच्या आधीचं, आणि ते करायचं तर स्वतःच्या आनंदावर संशय घ्यायची तयारी हवी.