मागच्या चाकाचा आवाज
निवृत्तीनंतरही मी मोटारसायकलच वापरतो. मध्यंतरी मागच्या चाकातून अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला आणि सौभाग्यवतींनी मागे बसणे बंद केले. मेकॅनिक म्हणाला, बेअरिंग बदला. परंतु बेअरिंग सलग घरघरते. हा आवाज खंड घेऊन येई. बँकेत फरक सापडल्याविना घरी न जाण्याची सवय! इंजिन बंद ठेवून गाडी मधल्या स्टँडवर घेतली, टायरवर खडूची खूण केली, चाक हाताने सावकाश फिरवले. ‘टक्’ दर फेरीला नव्हे, सुमारे अडीच फेऱ्यांनी येई. चेनचा एक वेढा तेवढ्यातच पुरा होतो. गंजून आखडलेली एकच कडी निघाली. चेन बदलली. सौभाग्यवती पुन्हा मागे बसतात. कान मात्र अजून चाकाकडेच असतो.