किंगरीच्या मुलखात गिटार

मुंबईहून नांदेड-किनवटमार्गे आदिलाबादला उतरलेल्या प्रवाशाला मराठी मागे राहिली असे वाटत नाही. पैनगंगेपलीकडे विदर्भ, अलीकडे हा जिल्हा. पूर्वी निजामाच्या संस्थानात असलेला तो १९५६ साली आंध्र प्रदेशात, २०१४ साली तेलंगणात आला आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. पण बाजारात तेलुगू, उर्दू आणि मराठी अजून एकाच ओट्यावर बसतात.

आम्हांस जायचे होते इंद्रवेल्लीकडे. तेथून जवळच केस्लापूर आहे. पौष अमावास्येला तेथे गोंडांची नागोबाची जत्रा भरते आणि मेसराम कुळीचे लोक त्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. आम्ही गेलो ते मात्र जत्रेसाठी नव्हे, तर परधानांची किंगरी ऐकावी म्हणून. परधान हे राजगोंडांचे वंशपरंपरागत भाट. गोंडांच्या देवदेवतांच्या व पूर्वजांच्या कथा त्यांनीच मुखोद्गत राखल्या. फ्यूरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडिताने आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथात त्या कथा १९४८ साली प्रसिद्ध केल्या. नवल असे की, कथा गोंडीत गाणाऱ्या या परधानांची घरची बोली मराठी!

किंगरी तीन तारांची, गजाने वाजवायची. ती गायकाच्या स्वराला धरून चालते. वर एक, खाली एक अशी स्वरांची इमारत तिला ठाऊक नाही. आमच्या गावच्या गायकवृंदात गिटार वाजवणारा एक तरुण सोबत होता. त्याला वाटले, खाली कॉर्ड दिले तर कथेला भरघोसपणा येईल. आपल्या तरुणांना असे वाटणे स्वाभाविकच आहे; गिटार आता आपल्या घरचेच वाद्य झाले आहे.

हाच पेच आयर्लंडमध्ये पडला होता. तेथील परंपरागत नाचाच्या धून एकपदरी. फिडल वा बासरीने त्या एकट्याच चालत. १९२० नंतर न्यूयॉर्कमध्ये मायकल कोलमन या स्लायगोच्या फिडलवादकाच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा पियानोची साथ जोडण्यात आली. त्यांतील कित्येक ठिकाणी पियानो एका वाटेने व फिडल दुसऱ्या वाटेने जाते, आणि तो धसमुसळेपणा आजही ऐकवत नाही. कारण साधे आहे. या धुनांपैकी पुष्कळशा आपल्या बिलावल थाटात बसतात खऱ्या, परंतु अनेक खमाज व काफी थाटांतील आहेत आणि त्यांत निषाद कोमल असतो. पुस्तकी साथ मात्र शेवट आला की पंचमाचा मेजर कॉर्ड ठोकते आणि त्या कॉर्डच्या पोटात शुद्ध निषाद असतो. ई षड्ज मानून काफीतली धून चालू असता खाली बी मेजर दिला, तर वर डी व खाली डी शार्प अशी झोंबाझोंबी होते. तेथे ई मायनर आणि एक स्वर खालचा डी मेजर एवढ्या दोघांवरच अनेकदा सबंध धून तरून जाते.

पुढे साठच्या दशकात डेव्ही ग्रॅहॅम या इंग्लिश वादकाने गिटारची एक निराळी जुळणी प्रचारात आणली. सत्तरच्या दशकात मीहॉल ओ डॉनल याने ती आयरिश साथीला वाहिली. पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची. मग डी हा षड्ज धरला तर मोकळ्या तारा बोलतात : सा, प, सा, म, प, सा. वाचकहो, आपल्या तंबोऱ्याचाच हा भाऊ नव्हे काय? यात गांधार कोठेच नाही. गांधार कोमल की शुद्ध, हे धुनेने ठरवावे. साथीदाराने आगाऊ बोलू नये. गायकाचा षड्ज वर असला तर मानेवर कॅपो चढवला की झाले.

त्या संध्याकाळी परधानवाडीच्या ओसरीवर आमच्या तरुणाने प्रथम आपले नेहमीचे तीन कॉर्ड काढले. दुसऱ्याच ओळीच्या अखेरीस पंचमाचा कॉर्ड पडला आणि म्हातारबांचा गज थांबला. ओळ आपण संपवण्याआधी हे वाद्य ती का संपवते, असे त्यांनी शांतपणे मराठीतच विचारले. संगीताच्या वर्गात इतके नेमके टीकावचन आम्ही ऐकलेले नाही.

तरुणाने तीन तारा उतरवल्या, किंगरीचा षड्ज कानाने शोधला व कॅपो लावला. मग केवळ सा-प आणि म्हातारबा कोमल निषादावर रेंगाळतील तेथेच खालचा दुसरा कॉर्ड. पुढे पुढे तोही त्याने कमी केला. गज पुन्हा चालू झाला. मध्यंतरी म्हातारबांनी एकदा गिटारकडे पाहिले, किंगरीची खुंटी किंचित पिळून तार तिच्याशी मिळवली आणि कथा पुढे नेली.