हात तापवितांना

मैफलीला गर्दी होते. पहाटेच्या खर्जाला कोणी जात नाहीं. कुस्तीच्या फडाला सारा गांव लोटतो. तालमींतले जोर मोजावयास वस्तादावांचून दुसरें कोणी नसतें. कोणत्याहि विद्येचा हा पडद्यामागचा भाग पाहण्याचा मला फार दिवसांचा नाद आहे. तो पुरविण्याची संधि मला अमेरिकेंत, टेक्सास राज्यांत, एका अगदींच अनोळखी खेळाच्या मैदानावर मिळाली.

अमेरिकेंत फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता, सुमारें 11 इंच लांब व 14 ते 15 औंस वजनाचा असतो; आणि तो पायापेक्षां हातानेंच अधिक खेळविला जातो. 1906 सालीं चेंडू पुढें फेंकण्यास नियमानें मुभा मिळाली, आणि तेव्हांपासून या खेळाचें रूप पालटत गेलें. हा फेंकणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. धिप्पाड प्रतिस्पर्धी अंगावर धांवून येत असतां, दोन-तीन सेकंदांत धांवत्या सोबत्यास हेरून, तो या क्षणीं जेथें आहे तेथें नव्हे, तर पुढच्या क्षणीं जेथें असेल तेथें चेंडू पोंचविणें हें त्याचें काम.

माझ्या पुतण्याचा मुलगा आपल्या हायस्कुलाच्या संघांत याच जागेसाठीं निवडला गेला होता. पण दुसऱ्या क्रमांकानें. पहिला गडी धडधाकट आहे तोंपर्यंत यानें कडेला उभें राहावयाचें. शुक्रवारच्या रात्रीं सामने होत. परंतु आठवड्यामागून आठवडे लोटले तरी याचें पाऊल मैदानांत पडलें नाहीं. एके दिवशीं सूनबाई मला म्हणाली, "काका, रोज दोन तास हा नुसता हात तापवितो आणि घरीं येतो. तुमचें तो ऐकतो. सोडून दे म्हणून सांगा ना!" सांगण्यापूर्वीं हें हात तापविणें आहे तरी काय तें पाहावें, म्हणून मी मैदानावर गेलों.

दोन मुलगे दहा यार्डांवर समोरासमोर उजवा गुडघा टेकून बसले. पाय असे अडकवून टाकले कीं फेंकावयास कमरेवरचाच भाग उरतो. चेंडू दोन्ही हातांनीं छातीशीं धरावयाचा, खांदे वळवावयाचे, कोपर खालीं पडूं न देतां हात पुढें आणावयाचा, आणि मनगट असें सोडावयाचें कीं चेंडूवरून सर्वांत शेवटीं तर्जनी निसटावी. हें साधलें तर चेंडू स्वतःभोंवतीं गरगरत सरळ जातो. न साधलें तर हवेंत लटपटतो. दोष झांकावयास पायांचा जोर नसल्यामुळें तो तत्काळ दिसतो. नंतर दोघे उभे राहिले, आणि पाय न हलवितां केवळ कंबर वळवून फेंकूं लागले. मग एक पाऊल टाकून, मग तीन पावलें मागें सरून, शेवटीं उजवीकडे व डावीकडे धांवत. अंतरहि हळूहळूच वाढलें. दहाचें वीस, विसाचें तीस.

या क्रमाला कारण आहे. फेंक हाताची दिसते, पण तिचें बळ जमिनींतून येतें. तळव्यांतून मांड्यांत, तेथून कमरेंत, मग धडांत, आणि अखेरीस खांदा, कोपर व मनगट असें तें चढत जातें. या साखळींतील एक कडी उशिरां वळली कीं तिची उणीव खांद्याला भरून काढावी लागते. खांद्याची खोबण उथळ असते; म्हणूनच हात इतका मोकळा फिरतो, आणि म्हणूनच तो सांधा इतका नाजुक असतो. त्याला सांवरून धरणारे चार लहान स्नायु थंड असतां त्यांजकडून एकदम जोर मागणें म्हणजे दुखण्याला आमंत्रण देणें होय.

हा खटाटोप शिकाऊंनींच करावयाचा, असें मात्र नाहीं. टॉम ब्रेडी 2023 सालीं, वयाच्या 45व्या वर्षीं, कायमचा निवृत्त झाला. त्या खेळांतील सर्वश्रेष्ठ विजेतेपद सात वेळां मिळविलेला हा पुरुष, नांवलौकिक झाल्यावरहि, किशोरवयांतील आपले शिक्षक टॉम मार्टिनेझ यांच्याकडे आपली फेंक तपासून घ्यावयास जात असे. आणि हा ब्रेडीहि एके काळीं दुसऱ्याच क्रमांकाचा होता. 2001 सालीं पहिला क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला, तेव्हां त्याची पाळी आली.

परंतु प्रत्येक दुसऱ्याचा ब्रेडी होत नसतो, आणि त्या आशेवर एखाद्या मुलाचीं दुपारचीं दुपार खर्चीं घालावीं असें मी कोणास सांगणार नाहीं. मला मैदानावर दिसलें तें निराळेंच. हात एकट्यानें तापवितां येत नाहीं. समोर झेलून परत फेंकणारा लागतो. आमच्या मुलासमोर होता तो पहिल्या क्रमांकाचा गडी. त्याचें कोपर जरा खालीं आलें कीं आमचा मुलगा आपल्या कोपराला बोट लावून दाखवी, आणि तो नुसती मान हलवी. शुक्रवारीं रात्रीं भरल्या मैदानाला जी फेंक दिसावयाची, ती दुपारीं या दोघांमध्यें घडत होती.

परततांना मीं विचारलें, "कंटाळा नाहीं का रे येत?"

"येतो ना, आजोबा. पण मी नसलों तर तो कोणाबरोबर फेंकणार?"

हंगाम पुरा होऊं द्यावा, असें मीं सूनबाईला सांगितलें. ती लगेच कबूल झाली नाहीं. गणितांत घटलेल्या गुणांचा दाखला तिनें दिला, आणि तो खोटा नव्हता. अखेर मुलानें पहाटे तासभर अभ्यासास बसावें असें ठरलें, व तें त्यानें पाळलें. हंगाम संपला. तो एकाहि सामन्यांत उतरला नाहीं.

आपल्या भरल्या घरांतहि अशीं माणसें असतात. धाकट्यांचे धडे वर्षानुवर्षें म्हणवून घेणारी एखादी आत्या, भावाच्या परीक्षेसाठीं रात्रीं कंदील धरून बसलेला एखादा काका. निकाल लागतो तेव्हां पेढे दुसऱ्याच्या नांवानें वांटले जातात. त्यांतला पहिला पेढा त्या हातांवर ठेवण्याची रीति घरोघर पडावी, एवढेंच मला वाटतें.