तरंगता टूलबार

अवजार हाताशी असावं, पण वाटेत येऊ नये. सुताराचा रंधा बाकावर पडलेला असतो. फळीवर आपण होऊन चढून बसत नाही. संगणकावर लिहिणाऱ्याच्या नशिबी मात्र हे सुख नाही. त्याची अवजारं तरंगतात.

शाळेच्या वह्या तपासून झाल्या की रात्री मी कादंबरीचं प्रकरण पुढं घेतो. वर्डमध्ये माऊसनं एखादा शब्द निवडावा, की त्याच्या डोक्यावर एक छोटा टूलबार उगवतो. २००७ सालच्या आवृत्तीपासून हा पाहुणा येऊ लागला. हाताची खेप वाचावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच. शब्द ठळक करू? तिरका करू? रंग देऊ? तो अगत्यानं विचारतो. पण मी शब्द निवडलेला असतो तो त्याच्याविषयी शंका आली म्हणून! आईचं दुःख ‘अपार’ म्हणावं, की नुसतं ‘दुःख’ म्हणून थांबावं, या विवंचनेत मी असतो. आणि हा ‘अपार’ला नटवायला निघालेला. शिवाय वरची ओळ त्याच्याखाली झाकलेली. मागचं वाक्य दिसल्यावाचून शब्दाचं वजन कसं कळावं?

त्याला घालवणं अवघड नाही. माऊसचा बाण दूर नेला की तो विरतो. कायमचाच नको असेल, तर फाइल, ऑप्शन्स, जनरल या वाटेनं जाऊन त्याच्या नावापुढची खूण काढावी. वर्ड ९७मधले टूलबार ओढून पानावर आणले तर तरंगत. माथ्याच्या पट्टीवर दोनदा क्लिक केलं की मुकाट्यानं कडेला जाऊन बसत. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये अजूनही त्यांना पट्टी धरून कडेला ओढता येतं, आणि तिथंच जखडूनही ठेवता येतं.

पण हा प्रश्न मला निव्वळ सोयीचा वाटत नाही. टाकानं लिहितानाही अक्षर जाड करता येई; त्यासाठी ते पुन्हा गिरवावं लागे. गिरवताना शब्द आणखी एकदा वाचला जाई, आणि कित्येकदा खोडलाही जाई. आता एका क्लिकसरशी दुबळा शब्द भरजरी अंगरखा घालून उभा राहतो. मुलं टाइप करून आणतात त्या निबंधांत मला हेच दिसतं: उपदेश ठळक, विचार पुसट.

म्हणून त्या पाहुण्याला मी निरोप दिला आहे. ठळक अक्षर हवंच झालं, तर माऊस पानाच्या माथ्यापर्यंत न्यावा लागतो. अंतर वीतभरही नाही. पण तेवढ्या प्रवासात पुष्कळदा शब्दच बदललेला असतो.