कुऱ्हाड होती, रंधा नव्हता

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही घरात जा, कुऱ्हाड सापडेल. विळा, कोयता, पहार सापडेल. रंधा मात्र क्वचितच सापडेल. आपल्या माणसांना हौस नव्हती किंवा हात नव्हता, असे याचे कारण नाही. गावगाड्यात लाकूड फोडण्याचे काम आपल्याकडे आणि लाकूड घडवण्याचे काम दुसऱ्याकडे, अशी वाटणी होती. होळीची लाकडे, मयताची लाकडे, पाटलाच्या चुलीची लाकडे आपल्या आजोबा-पणजोबांनी वाहिली. त्याच लाकडाचा पाट, खाट किंवा दार करण्याचे काम त्यांनी केले नाही, कारण ते कुणी करू दिले नाही.

आम्ही म्हणजे दोन भाऊ, दोन जावा, चार मुले आणि घरातल्या आजी. आमच्याकडे थोडी जमीन आहे, ती पूर्वीची महार वतनाची. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली आणि वेठ संपून जमीन तेवढी घरात राहिली. तिच्या बांधावर एक जुना कडुनिंब होता. २०२३ च्या मे महिन्यातल्या वादळात तो मुळासकट आडवा झाला.

चार दिवसांत वखारवाले आले आणि त्यांनी उक्ता सौदा सांगितला. तो जळणाच्या भावापेक्षा थोडाच जास्त होता. आम्ही म्हणालो, मोजून घ्या. त्यांनी टेप लावला: घेर चार फूट, लांबी नऊ फूट. "नऊ घनफूट भरतंय," ते म्हणाले. आमची थोरली मुलगी बारावीला शास्त्र शाखेत होती. तिने वहीत वर्तुळाचे गणित केले, तर उत्तर जवळजवळ साडेअकरा घनफूट आले.

वखारवाल्यांनी फसवले नव्हते. लाकडाच्या व्यापारातली जुनी रीतच तशी आहे. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. या रीतीत खऱ्या लाकडाचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग हिशेबात येत नाही. चिरताना साल आणि कडा वाया जातात म्हणून तेवढी सूट व्यापारी धरतो. ही रीत ठाऊक असणारा भाव ठरवताना ती ध्यानात ठेवतो. ज्याला ठाऊक नाही, तो मान हलवतो. आपल्या लोकांनी किती वर्षे नुसती मान हलवली असेल, हा विचार त्या दिवशी आमच्या मनात आला.

आम्ही सौदा केला नाही. विहाराशेजारच्या अभ्यासिकेत मुले मांडीवर पाटी-पुस्तक ठेवून लिहितात. त्यांच्यासाठी बैठे डेस्क करायचे, आणि तेही आपल्याच हाताने, असे ठरवले. आजींना हे पटले नाही. "सारी उमर आपल्या माणसांनी लाकडं फोडली," त्या म्हणाल्या. "आता कुठं लिवाया शिकलात, तर परत लाकडात हात?" त्यांच्या बोलण्यातली वेदना आम्हाला कळत होती. सक्तीने केलेले काम आणि आपण निवडलेले काम यांत फरक आहे, हे त्यांना शब्दांत पटवून देणे आम्हाला जमले नाही.

ज्यांना असे काही करावयाचे असेल त्यांच्यासाठी आमचा अनुभव क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट परवानगीची. महाराष्ट्रात वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडे त्याच्या अनुसूचीत येतात आणि स्वतःच्या शेतातली असली तरी विनापरवाना तोडता येत नाहीत. झाड कोणतेही असो, ते आपोआप पडलेले असो, आधी तलाठी आणि वनखात्याकडे विचारावे, पंचनामा करून घ्यावा, आणि लाकूड हलवायला पास लागतो का ते लेखी घ्यावे. आरा गिरणीलाही परवाना लागतो. डिसेंबर १९९६ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून या गिरण्यांवर कडक नजर आहे. म्हणून परवाना असलेल्या गिरणीतच ओंडका न्यावा. आपल्या माणसाला कागद नसल्याची किंमत इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट ओंडक्याची. पडलेल्या झाडाची टोके त्याच दिवशी जुन्या तेलरंगाने किंवा डांबराने माखावीत. लाकडातले पाणी टोकांतून सर्वांत लवकर उडते आणि तिथूनच भेगा पडत जातात. बांधावरच्या झाडात कुणी ना कुणी खिळा, तार ठोकलेली असतेच. ती आधी शोधून काढावी. आऱ्याचे पाते खिळ्यावर गेले तर पाते तुटते आणि माणूसही जखमी होतो.

गिरणीत आपण स्वतः उभे राहावे. पूर्वी ओंडका मोठ्या आऱ्याने हाताने चिरत, एक माणूस वर आणि एक खाली. आता पट्ट्याचा आरा तासाभरात काम करतो. एक इंची फळी हवी असेल तर सव्वा इंचाची चिरून घ्यावी. वाळताना लाकूड आकसते, आणि रंधा मारताना आणखी कमी होते. ओंडक्याच्या अगदी मधला गाभा फळीत येऊ देऊ नये, कारण ती फळी हमखास तडकते.

तिसरी गोष्ट धीराची. ओले लाकूड लांबीत आकसत नाही म्हटले तरी चालेल. रुंदीत ते आकसते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. वर्तुळांच्या वळणाच्या दिशेने ते जवळजवळ दुप्पट आकसते. म्हणून फळी वाकते, पिळते. आम्ही गोठ्याच्या सावलीत विटांवर फळ्या रचल्या. दर दोन फळ्यांमध्ये दीड-दीड फुटावर सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या, सगळ्या पट्ट्या एकाखाली एक, आणि सर्वांत वर दगडांचे वजन. वारा मिळाला पाहिजे, ऊन-पाऊस लागता कामा नये. इंचभर जाडीला एक वर्ष असा ढोबळ नियम आहे. आम्ही फळीचा एक तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहीत गेलो. वजन उतरायचे थांबले, तेव्हा लाकूड हवेशी जुळले असे समजलो. दोन फळ्या तरीही पिळल्या. कडुनिंबाचे तंतू उलटसुलट असतात, त्यामुळे असे होते. त्या तोडून लहान कामाला वापरल्या.

लाकूड वाळत होते तेवढ्यात अवजारे जमवली. बाजारात गेल्यावर नव्या माणसाला चकचकीत यंत्रे दाखवतात. एकाच सांगाड्यात रंधा, चक्री करवत, गिरमिट, सगळे. आमच्या ऐपतीत ते नव्हतेच. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त सुतार मिस्त्रींनी जे सांगितले ते ऐपत असणाऱ्यालाही उपयोगी आहे. ते म्हणाले, "आधी धार लावायला शिका. धार आली की निम्मा सुतार झालात."

त्यांनी सांगितलेली यादी लहान होती. एक बारीक दातांची करवत, एक लोखंडी रंधा, दोन सूत, चार सूत आणि एक इंचाच्या तीन पटाश्या, लाकडी हातोडा, गुण्या, पोलादी टेप, दोन शिकंजे, आणि धारेचा दगड, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक. एवढ्यावर साधे डेस्क, बाक, मांडणी होते. जुना रंधा भंगारात मिळाला तर घ्यावा, पण त्याचा तळ सपाट आहे का ते पट्टी लावून, उजेडाकडे धरून पाहावे. पाते गंजलेले असले तर घासून निघते. तळ वाकडा असला तर नवख्याने त्याच्या नादी लागू नये. पटाशीची धार सुमारे २५ अंशांत घासावी आणि टोकाला जरा उभी, ३० अंशांची करावी. अगदी पातळ धार कडुनिंबासारख्या लाकडात तुटते.

विजेच्या यंत्रांत पहिले घ्यावे ते हातातले ड्रिल. चक्री करवत शेवटी घ्यावी, आणि कुणाकडून शिकल्याशिवाय चालवू नये. फिरत्या यंत्राजवळ पदर, ओढणी, सैल बाही नको. हातमोजेही नकोत, पात्यात मोजा अडकला की हात ओढला जातो. डोळ्याला चष्मा आणि नाकाला फडके मात्र हवेच.

मिस्त्री आठवड्यातून एकदा आमच्याकडे यायचे. पहिल्या दिवशी भीत भीत आम्ही म्हणालो, "मिस्त्री, तुमचा पिढीजात धंदा आम्ही शिकतोय, वाईट तर वाटत नाही ना?" ते हसले. "धंदा राहिलाय कुठं? माझी पोरं कंपनीत लागली. चार पिढ्यांची अवजारं पेटीत गंजतायत. शिकणारं कुणी आलं, हेच नवल." आजींनी त्यांना कपबशीतून चहा दिला आणि ते पितात का, हे दारातून पाहत राहिल्या. त्यांनी चहा घेतला, वर आणखी अर्धा कप मागितला. त्यानंतर आजी कामाला नावे ठेवीनाशा झाल्या.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी जातीचे आर्थिक नुकसानही दाखवले आहे. जात माणसाला धंदा बदलू देत नाही, आणि त्यातून बेकारी वाढते. आम्ही ते वाचले होते. पण या कामात त्याच्या दोन्ही बाजू दिसल्या. आमच्याकडे शिकायची इच्छा होती आणि अवजारे नव्हती. त्यांच्याकडे अवजारे होती आणि शिकणारे नव्हते. जातीने दोघांनाही नागवले होते.

२०२५ च्या सुरुवातीला सहा डेस्क आणि एक कामाचे बाकडे तयार झाले. एका लाकडाला कुसू काढायचा, दुसऱ्याला त्याचे भोक पाडायचे, आणि खिळ्याशिवाय सांधा बसवायचा, हे थोरल्या मुलीला सर्वांत चांगले जमते. पहिला डेस्क किंचित डुलतो, तो आम्ही घरीच ठेवला. उरलेले अभ्यासिकेत आहेत. वखारवाल्यांच्या पैशात फार तर दोन तयार डेस्क आले असते.

सुतारकाम धंदा म्हणून करावयाचे असेल त्यांनी आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पाहावा, आठवी उत्तीर्णाला प्रवेश मिळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह १८ व्यवसाय आहेत. हा धंदा स्वतः करणाऱ्याला तीत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. योजनेत 'पारंपरिक' हा शब्द आहे म्हणून आपल्या मुलांनी मागे राहू नये. अर्जाला जातीची अट नाही.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. धम्मपदाच्या पंडितवग्गात शहाण्या माणसाला सुताराची उपमा दिली आहे. उपासक-उपासिकांनी रविवारच्या वंदनेनंतर मुलांना तासभर एखादे हाताचे काम शिकवावे, असे आम्हाला वाटते. प्रत्येक विहारात पुस्तकांच्या कपाटाशेजारी अवजारांची एक पेटी असावी. आमच्या विहारात ती ठेवली आहे. तिची नोंदवही आहे, आणि अवजार परत देताना धार लावून द्यायचे, एवढा एकच नियम आहे.

जय भीम!