प्रयोगशाळेमागचीं माणसें

नव्या शोधाची वार्ता वर्तमानपत्रांत येते तेव्हां तिच्याशेजारीं बहुधा एकाच माणसाचें छायाचित्र असतें. पांढरा डगला, समोर सूक्ष्मदर्शक यंत्र आणि मुद्रेवर किंचित् संकोच. तें पाहून वाचकाची अशी समजूत होते कीं, हा शोध या एकाच डोक्यांतून निघाला असला पाहिजे. फुप्फुसाच्या विकारांवर मूलपेशींच्या साहाय्यानें संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांविषयीं गेलें वर्षभर मी जमेल तसें वाचीत आलों आहें. मी विज्ञानाचा अध्यापक नव्हे. या वाचनाचें कारण घरांतलेंच होतें, व तें पुढें येईलच. परंतु वाचतां वाचतां एक गोष्ट मला स्पष्ट दिसूं लागली. अशा प्रयोगशाळेच्या मागें उभीं असलेलीं माणसें मोजूं गेल्यास हिशेब लागत नाहीं, आणि त्यांतल्या कित्येकांनीं तिचा उंबरठाहि ओलांडलेला नसतो.

आपल्या देशांत या विद्येचा पाया एका मराठी स्त्रीनें घातला. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला. त्यांचे वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं संशोधन करून कमलाबाईंनीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली, आणि पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गे यांच्यापाशीं त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरांतील जिवंत पेशी बाहेर काढून कांचेच्या भांड्यांत पोसण्याची व वाढविण्याची कला. परत आल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें त्यांनीं भारतांतील पहिली ऊतिसंवर्धन-प्रयोगशाळा उभारली, आणि पेशींना लागणारें पोषक द्रव्यहि तेथेंच तयार करविलें. त्यांचें संशोधन कर्करोगाचें व कुष्ठरोगाचें, फुप्फुसाचें नव्हे. परंतु आज मूलपेशींवर जें काम चालतें तें याच कलेच्या आधारावर.

त्यांचे गुरु जॉर्ज गे यांच्या नांवाशीं आणखी एक नांव कायमचें जोडलेलें आहे. १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदांतून काढलेल्या पेशी गे यांच्या प्रयोगशाळेंत वाढूं लागल्या, त्या आजतागायत वाढतच आहेत. ती पांच मुलांची आई त्याच वर्षीं वारली. तिला कोणीं विचारलें नव्हतें; तिच्या पेशी जगभर गेल्याची गोष्ट तिच्या कुटुंबाला सुमारें वीस वर्षांनीं कळली. प्रयोगशाळेमागच्या माणसांची गणना मी तिच्यापासून सुरू करतों.

मनुष्याच्या फुप्फुसांत सुमारें ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंतींत एका जातीच्या पेशी आहेत. ‘दुसऱ्या प्रकारच्या पेशी’ एवढेंच त्यांचें साधें नांव. वायुकोश मिटूं नयेत म्हणून त्या एक स्निग्ध द्रव स्रवतात, आणि भिंतीस इजा झाली तर स्वतःच पालटून तिची डागडुजी करतात. वायुकोशांच्या मूलपेशी त्या ह्याच. रोग बळावला म्हणजे ही डागडुजी पुरी पडत नाहीं. मग अशा पेशी बाहेर बनवितां येतील काय? २००६ सालीं जपानांत शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेस नेलें. चोवीस जनुकांतून नेमकीं चार निवडण्याचें प्रत्यक्ष काम काझुतोशि ताकाहाशि या त्यांच्या तरुण सहकाऱ्यानें केलें. २०१२ सालचें नोबेल पारितोषिक यामानाका व जॉन गर्डन यांना मिळालें. पुढें २०१७ सालीं बॉस्टन येथें डॅरेल कॉटन यांच्या प्रयोगशाळेनें मनुष्याच्या अशा मूलपेशींपासून फुप्फुसांतील त्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार करून दाखविल्या. त्या शोधनिबंधावर पहिलें नांव अंजली जेकब यांचें आहे. ही प्रयोगशाळा आपल्या पेशी इतर संशोधकांनाहि मोकळेपणानें देते.

या पेशी ३७ अंश उष्णतेंत ठेवाव्या लागतात. त्यांच्याभोंवतींचा गुलाबी द्रव पिवळट पडूं लागला कीं तो बदलावा लागतो, मग तो दिवस सुटीचा असो वा सणाचा. बुरशीचा एक कण आंत शिरला तर महिन्यांची मेहनत वायां जाते. हें काम करणाऱ्या साहाय्यकांचें छायाचित्र कोठें येत नाहीं.

आतां घरची गोष्ट. माझी आत्या मानोऱ्यास राहते. तिनें आयुष्यांत विडी ओढली नाहीं. परंतु पन्नास वर्षें पऱ्हाट्यांची व तुराट्यांची चूल फुंकली. अलीकडे चार पावलें चालली कीं तिला बसावें लागतें. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनीं पीटर बार्न्स यांच्यासह २००९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें लिहिलें होतें कीं, धूम्रपान न करणाऱ्यांतहि श्वास कोंडणारा हा चिवट रोग पुष्कळ आढळतो, आणि चुलीचा धूर हें जगांत त्याचें सर्वांत मोठें कारण असूं शकेल. गेल्या वर्षीं माझा आतेभाऊ शहरांतल्या एका दवाखान्याचें पत्रक घेऊन आला. मूलपेशींची सुई टोंचून फुप्फुसें नवीं करून देण्याचें आश्वासन त्यांत होतें, आणि त्यासाठीं दोन एकर वावर विकण्याची त्याची तयारी होती. मी वाचूं लागलों तो तेव्हांपासून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक नियमांत म्हटलें आहे कीं, रक्ताच्या व तत्सम ठराविक विकारांसाठीं होणारें रोपण सोडल्यास मूलपेशींचा वापर हा उपचार नव्हे. तो मान्यता घेतलेल्या चाचणींतच करावा. ज्यांनीं या पेशींपायीं आयुष्य वेंचलें ते ‘अजून नाहीं’ म्हणतात, आणि ज्यांना त्या विकावयाच्या आहेत ते ‘आजच या’ म्हणतात.

हें सारें मी आत्यापाशीं बसून सांगितलें. दम घेत घेत ती म्हणाली, “मंग त्याले सांग, वावर इकू नोको.” थोडा वेळ गेल्यावर तिनें विचारलें, “पन बापू, ते लोकं अजून शिकूनच रायले, तं त्यायले कोनाचं तरी रगत लागत असन. माहं चालन का?”

बॉस्टनच्या पेशी रोग्यांच्या रक्तापासूनहि बनवितात, ही गोष्ट मीं तिला सांगितलेली नव्हती. आपल्याला त्यांतून कांहीं मिळावयाचें नाहीं हें समजून उमजून तिनें तो प्रश्न केला होता. हेन्रिएटा लॅक्सला जें कोणीं विचारलें नाहीं, तें आत्या आपण होऊन देऊं करीत होती. अशीं माणसें आहेत म्हणूनच ‘अजून नाहीं’ म्हणणाऱ्यांना ‘आतां होईल’ असें एखाद्या दिवशीं म्हणतां येईल.

वावर विकलें गेलें नाहीं. आंघोळीचें पाणी तापविण्यासाठीं अंगणांत पेटणारी पऱ्हाट्यांची चूल मात्र आतेभावानें काढून टाकली. ती रोज फुंकणारी त्याची सून अवघी तीस वर्षांची आहे.