रंगाचे वय

गाडीच्या रंगाचा टवका उडाला की तो बुजवणे हे वरवर पाहता कारागिरीचे काम; पण त्यात पाठचिकित्सेचा जुनाच प्रश्न दडलेला आहे: मूळ कोणते मानायचे? दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली एका पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो. तो गाडीच्या जन्माचा रंग सांगतो, वयाचा नव्हे. जालन्याच्या उन्हात बारा वर्षे उभी राहिलेली गाडी त्या क्रमांकापासून पुष्कळ दूर गेलेली असते.

वडिलांच्या पश्चात त्यांची गाडी माझ्याकडे आली. बॉनेटवर खडीने उडालेले टवके होते. गंज पॉलिश पेपरने घासला. मग प्रायमर, रंग आणि शेवटी लॅकर, असे पातळ थर बारीक ब्रशने, वाळू देत देत चढवले. त्याआधी रंग पुठ्ठ्यावर लावून, वाळल्यावर उन्हात गाडीशी ताडून पाहिला. ओला रंग फसवतो.

अजिंठ्याच्या चित्रांवर १९२०-२२ च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी वॉर्निश चढवले. रक्षणासाठी दिलेला तो थरच पुढे पिवळा पडून चित्रे झाकोळू लागला. हात आवरणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

चालकाच्या दाराला, कुलपाभोवती, किल्लीचे बारीक ओरखडे आहेत. अखेरच्या वर्षांत वडिलांच्या हाताला कंप होता. किल्ली चटकन लागत नसे. ते पत्र्यापर्यंत पोचलेले नाहीत, म्हणजे गंजणार नाहीत. टवके बुजवले, हे ओरखडे मात्र पाठभेद म्हणून तसेच राखले आहेत.